मुलाच्या घशासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिनची पावडरवाली बाटली: किती द्यायचं, किती दिवस द्यायचं?

मृण्मयी_सिडको

नमस्कार मंडळी. मुलगा सहा वर्षांचा, वजन १८ किलो (दवाखान्यातल्या काट्यावर केलेलं). निफाडकडचा पारा उतरला तशी इकडे नाशिकच्या सिडकोतही थंडी कडाडली आणि याचा घसा धरला. खोकला नाही, नाक वाहत नाही, पण १०२ ताप, गिळताना रडायचा, आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागत होत्या. डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून पाहिलं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत म्हणाल्या. चिठ्ठीवर अ‍ॅमॉक्सिसिलिन सिरप, ८ मिली सकाळ-संध्याकाळ, १० दिवस, आणि तापाला पॅरासिटामॉल.

औषध जवळच्याच एका मेडिकलमधून घेतलं. लिहिलेली कंपनी त्यांच्याकडे नव्हती. "तेच औषध आहे, कंपनी वेगळी" म्हणून तीन बाटल्या दिल्या. मिस्टरांनी एक कालवली, बाकी दोन तशाच सीलबंद आहेत. आज तिसरा दिवस. ताप शंभराच्या आसपास रेंगाळतोय, घसा दुखतोच, पण खेळायला लागलाय.

आता घरात मतं सुरू झालीत. सासूबाई म्हणतात, पोर खेळतंय ना, मग बंद कर, एवढं गरम औषध लहान जीवाला कशाला. मिस्टर म्हणतात पाच दिवस पुरे. फ्रीजच्या दारात दिवाळीच्या सुमाराची अर्धी बाटली पडून आहे, तीच आधी संपवूया का, असंही निघालं. शिवाय हे औषध पेनिसिलिनच्याच गटातलं, आणि सासूबाईंना पेनिसिलिन "चालत नाही", तर नातवाला चालेल का ही एक धास्ती. जेवणाआधी द्यावं की नंतर? शाळेत कधी पाठवू? डॉक्टरबाई आज रविवार म्हणून नाहीत. कुणाला माहिती असेल तर सांगा.

अण्णा_मखमलाबाद

ताई, काही घाबरू नका. हळद-मिठाच्या गुळण्या, रात्री गरम दूध. तीन दिवस झालेत तर औषध बंद करायला हरकत नाही. आमच्या लहानपणी डॉक्टर पेनिसिलिनचं एक इंजेक्शन टोचायचे, दुसऱ्या दिवशी आम्ही गोदाघाटावर. माझे मेव्हणे पिंपरीला एच.ए. कंपनीत होते, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ सालची कंपनी, देशी पेनिसिलिन तिथेच बनायचं. तेव्हाच्या औषधात दम होता. आताच्या पावडरींचं काय सांगावं.

पंचवटी_मेडिकलवाली

अण्णा, गुळण्यांना माझा विरोध नाही. बाकीचं मागाहून बोलू, तुम्हाला सोडणार नाहीये.

मृण्मयीताई, मी फार्मासिस्ट आहे, पंचवटीत माझं मेडिकल आहे. बाकीचे प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी फ्रीज उघडा आणि कालवलेल्या बाटलीवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातलं नाव नको, त्याखाली बारीक इंग्रजीत "प्रत्येक ५ मिलीमध्ये" अशा अर्थाची ओळ असते, तिच्यापुढचा आकडा हवाय. १२५ आहे की २५०? आणि चिठ्ठीवर नावापुढे काही आकडा लिहिलाय का, तोही सांगा. हे कळल्याशिवाय दिवसांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

मृण्मयी_सिडको

ताई, बाटलीवर १२५ आहे, तिन्ही बाटल्यांवर तेच. चिठ्ठीवर नावापुढे २५० लिहिलंय. मला वाटलं तो कंपनीचा नंबर असेल. काही घोळ झालाय का?

पंचवटी_मेडिकलवाली

हो, झालाय. पण निस्तरण्यासारखा आहे, घाबरू नका.

लिहिलेलं औषध असं होतं: दर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. म्हणजे ८ मिलीत ४००. दोन वेळा मिळून दिवसाला ८००. १८ किलोला ८०० म्हणजे किलोमागे ४४ मिग्रॅच्या आसपास. असा घसा असेल तर मुलांना दिवसाला किलोमागे ५० पर्यंत देतात, एक ग्रॅमच्या वर जात नाहीत. तुमच्या डॉक्टरबाईंचा हिशेब चोख आहे.

पोटात गेलं ते असं: दर ५ मिलीत १२५. म्हणजे ८ मिलीत २००, दिवसाला ४००, किलोमागे २२. मुलगा तीन दिवस निम्म्या डोसवर आहे. ताप रेंगाळतोय त्यामागे हेही असू शकतं.

कंपनी बदलली तर बिघडत नाही, ताकद बदलली तर मिली बदलायला हवेत. देणाऱ्याने हे तोंडाने सांगायला हवं होतं आणि बाटलीवर पेनाने लिहायलाही. आमच्या धंद्यात संध्याकाळी सात ते नऊ गर्दी उसळते, गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्यांकडून मागवलेला माल आलेला नसतो, २५० संपलेलं असतं आणि मागे १२५ चा खोका दिसतो. कारण समजतं, पण ते चालवून घेण्यासारखं नाही. म्हणून माझ्याकडे कुणी "अ‍ॅमॉक्सची बाटली द्या, एक चमचा देते" म्हणालं की मी उलट विचारते, कुठला चमचा, कुठली बाटली, पोराचं वजन किती? लोक वैतागतात. वैतागू देत.

आता करायचं काय:

डॉक्टरबाईंना फोन किंवा मेसेज करा, रविवार असला तरी. नेमकं एवढंच सांगा: "२५० लिहिलं होतं, १२५ मिळालं, तीन दिवस ८-८ मिली दिलं." पुढचे दिवस कुठून मोजायचे ते त्या ठरवतील. त्यांचा निरोप येईपर्यंत औषध थांबवू नका. आजच्या संध्याकाळच्या वेळेलाच १६ मिली द्यायचं का, तेही त्यांनाच विचारा. १२५ च्या बाटलीतून ४०० मिग्रॅ म्हणजे १६ मिली, हिशेब सरळ आहे. पण दिवसाला ३२ मिली गेलं तर ६० मिलीची बाटली दोन दिवसही पुरत नाही, आणि एवढं गोड औषध पोरगं तोंडात धरून बसेल. त्यापेक्षा उद्या दुकानात जा आणि सीलबंद दोन बाटल्या बदलून २५० च्या घ्या. चिठ्ठी सोबत न्या. भांडायची गरज पडू नये.

कालवण्याबद्दल सांगते, कारण निम्मे घोळ तिथे होतात. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. पाणी ओतायच्या आधी बंद बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची, नाहीतर तळाला ढेप बसते. आधी निम्मं पाणी घालून जोरात हलवायची. मग फेस येतो. फेस बसेपर्यंत थांबायचं आणि त्यानंतर लेबलवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. फेसालाच खूण समजून थांबलात तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. पाणी खुणेवर गेलं तर पातळ. दर वेळी देण्याआधी बाटली हलवायची, कारण औषध खाली बसतं. वरवरचं दिलं तर पहिल्या दिवशी पाणी आणि शेवटच्या दिवशी सगळं औषध.

तिन्ही बाटल्या एकदम कालवू नका. कालवल्यावर आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर सात दिवसांची मुदत लिहिलेली असते. एक बाटली दिवसाला १६ मिलीने पावणेचार दिवस जाते. ती संपली की दुसरी. झाकणावर तारीख लिहा. फ्रीजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही.

माप बाटलीबरोबरच्या खुणांच्या झाकणाने घ्या, नाहीतर बिनसुईची सिरिंज घ्या, ती उत्तम. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. घरातला चमचा नको. माझ्या आईकडे पोह्यांचा चमचा आणि चहाचा चमचा यात दुपटीचा फरक आहे.

दिवाळीची बाटली आत्ता उठा आणि काढून टाका. मुदत केव्हाच संपली तिची.

जेवणाचं: साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन उपाशीपोटी किंवा भरल्यापोटी, कसंही चालतं, पोट बिघडत असेल तर खाऊन द्या. वेळ मात्र सांभाळा, सकाळी आठ तर रात्री आठ. हे औषध रक्तात फार थांबत नाही, तासाभरात निम्मं उरतं आणि लघवीवाटे जातं. जंतू मरायला एकदम मोठा डोस कामाचा नसतो, ठरावीक पातळी पुरेसा वेळ टिकावी लागते. म्हणून एक वेळ चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन डोस एकत्र नाही.

मृण्मयी_सिडको

खूप आभार ताई. डॉक्टरबाईंना मेसेज टाकलाय. पण मग ५ दिवस का १० दिवस? आणि सासूबाईंचं?

पंचवटी_मेडिकलवाली

दिवस आजारावर ठरतात. लहान मुलाचा साधा न्यूमोनिया असेल तर आता तीन-पाच दिवसांत काम होतं असं मानतात. "दहा दिवस सगळ्यालाच" हा जुना खाक्या मोडत चाललाय, आणि ते चांगलंच आहे. पण स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने धरलेला घसा याला अपवाद आहे. तिथे तोंडाने घ्यायच्या पेनिसिलिन गटाला अजूनही १० दिवसच सांगतात. घसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतो, बऱ्याचदा औषधाशिवायही थांबतो. १० दिवस त्यासाठी नसतातच. हा जंतू घशात उरला तर पुढे काही मुलांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. त्याला संधिवाती ताप म्हणतात. आपल्या देशात तो अजून गेलेला नाही. दिलासा असा की घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत नीट औषध सुरू झालं तरी तो टळतो. तुम्ही त्या मुदतीत आहात.

अजून एक बरी गोष्ट. या विशिष्ट जंतूला पेनिसिलिन आजही लागू पडतं, इतक्या वर्षांत तो सरावलेला नाही. पण पोटातले, नाकातले बाकीचे जंतू सरावतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या खुद्द फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल स्वीकारताना भाषणात हेच सांगितलं होतं, की अपुऱ्या डोसाने जंतू मरत नाहीत, शिकतात.

सासूबाईंना नेमकं काय झालं होतं ते विचारा. "चालत नाही" याखाली माझ्या काऊंटरवर काहीही येतं: जुलाब, मळमळ, सुई पाहून आलेली चक्कर. ही अ‍ॅलर्जी नाही. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, आणि तेही औषध घेतल्यावर तासाभरात, तर ती खरी. दहातला एखादा माणूस स्वतःला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांगतो. त्यातल्या दहापैकी नऊ जणांना तपासणीत ती निघत नाही. तरी हा शिक्का आपणच पुसायचा नाही, डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा, तोवर प्रत्येक डॉक्टरला सांगायचं. आजीला आहे म्हणून नातवाला द्यायचं नाही, असं मात्र नसतं.

मुलाकडे लक्ष ठेवा. वर सांगितलेल्यापैकी काही दिसलं तर पुढचा डोस नाही, फोनाफोनी नाही, थेट जवळचं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल किंवा त्र्यंबक रोडचं सिव्हिल. पाचव्या-सातव्या दिवशी फिकट, सपाट, फारसं न खाजणारं पुरळ आलं तर डॉक्टरांना दाखवा, ते दरवेळी अ‍ॅलर्जीचं नसतं. पांढऱ्या ठिपक्यांचे टॉन्सिल एका विषाणूमुळेही होतात, त्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं की अंगभर पुरळ येतं. मग त्या पोराला आयुष्यभर अ‍ॅलर्जीवाला म्हणून वागवतात. पातळ शी एक-दोनदा झाली तर भरपूर पाणी, ओआरएस. रक्त पडलं किंवा थांबतच नसेल तर डॉक्टर.

लाळ गळायला लागली, पाणीही गिळता येईना, मान वळवेना, आवाज घोगरा होऊन श्वासाला घरघर लागली, तर अँटिबायोटिक चालू आहे म्हणून वाट पाहू नका.

शाळा: बरोबर डोस सुरू होऊन चोवीस तास झाले आणि ताप नसेल तर पाठवा.

सातपूरकर

दहा दिवसांचं ऐकून राहवलं नाही. धाकटा भाऊ. लहानपणी आम्ही येवल्याकडे गावी होतो, त्याचा घसा सारखा धरायचा, आई लवंग चघळायला द्यायची. एका उन्हाळ्यात गुडघा सुजला, तो उतरला की घोटा, मग मनगट. वाढीचं वय म्हणून सोडून दिलं. कॉलेजात असताना जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा कळलं, डावीकडची झडप आखडलीय. आधी फुग्याने उघडली, काही वर्षांनी बदलली. अजून दर २१ दिवसांनी कमरेत ते पेनिसिलिनचं दाट इंजेक्शन घेतो, त्या दिवशी लंगडतच सातपूरला कामावर जातो.

दाताचं काही काम असेल तर आधी तासभर ५०० च्या चार कॅप्सूल एकदम, म्हणजे दोन ग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन. त्याच्यासारख्या बदललेल्या झडपेवाल्यांना सांगतात ते. आणि एकदा दाताला आठवडाभर अँटिबायोटिक दिलं होतं, तेव्हा रक्त पातळ करायच्या गोळीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढला, हिरडीतून रक्त थांबेना. तेव्हापासून कुठल्याही दवाखान्यात गेला की पहिलं वाक्य: मी रक्त पातळ करायची गोळी घेतो.

पंचवटी_मेडिकलवाली

सातपूरकर, भावाला सांगा हे वाक्य मेडिकलवाल्यालाही सांगायचं. सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट घेणारे आणि युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल घेणारे यांनीही. पहिल्यात मेथोट्रेक्सेट शरीरात साचतं, ते गंभीर. दुसऱ्यात पुरळ येण्याची शक्यता वाढते. किडनीचा त्रास असेल तर अ‍ॅमॉक्सिसिलिनचा डोस कमी करावा लागतो, कारण ते बाहेर पडतं तिथूनच. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना डॉक्टर हे देतात, त्यांच्यासाठी बराच भरवशाचा गट आहे. बाळाची शी पातळ होते का एवढं पाहायचं.

अण्णा_मखमलाबाद

मेडिकलवाल्या ताई, मला सोडणार नव्हता म्हणून परत आलो. एक विचारतो. माझ्याकडे ६२५ च्या तीन गोळ्या शिल्लक आहेत, दाढ दुखली तेव्हाच्या. सर्दी झाली की एक-एक घेतो, दोन दिवसांत चालता-बोलता होतो. ही ५०० पेक्षा भारी ना?

पंचवटी_मेडिकलवाली

अण्णा, सर्दी दोन दिवसांनी तशीही हलकी होते. श्रेय गोळी खाते.

६२५ मध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन ५००च आहे. वरचे १२५ क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडचे, जे स्वतः जंतू फारसे मारत नाही. काही जंतू एक द्रव्य सोडून पेनिसिलिन तोडून टाकतात. हे त्या द्रव्याला अडकवून ठेवतं, म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिनला काम करता येतं. दाढेचा गळू, कुत्रा-मांजर चावणं, बराच काळ न हटणारा सायनस, अशा ठिकाणी त्याचा उपयोग. स्ट्रेप्टोकॉकसकडे ते द्रव्यच नाही, म्हणून मृण्मयीताईंच्या डॉक्टरांनी साधं लिहिलं. लोक मात्र काऊंटरवर "साधं नको, ६२५च द्या" म्हणतात, जसं काही आकडा वाढला की आजार घाबरतो.

३७५ च्या दोन घेतल्या की ६२५ झालं, असंही करू नका. ३७५ मध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन २५० आणि क्लॅव्हुलॅनिक १२५ असतं. दोन घेतल्या तर अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० होतं पण क्लॅव्हुलॅनिक २५०, दुप्पट. मग पोट सुटतं. जुलाबाचा बराचसा त्रास त्याचाच, म्हणून ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. आणि तुमच्या वयाच्या पुरुषांनी जास्त जपायचं. या जोडगोळीने क्वचित कावीळ होते, तीही कधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी. डोळे पिवळे, लघवी गडद, अंग खाजणं, असं झालं तर डॉक्टरांना या गोळीचं नाव आठवणीने सांगा.

त्या तीन गोळ्या पाकिटातून कापून डबीत ठेवल्या असतील तर त्यांना एव्हाना दमट हवा लागलेली असणार, क्लॅव्हुलॅनिकला ओल अजिबात सोसत नाही. टाकून द्या. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ आहे ना? ती २०१६ पासून सरकारने लोकांना सांगितलेली खूण आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नका अशी. मी देत नाही म्हणून समोरच्या दुकानात जाणारे रोज दिसतात.

आणि तुमच्या मेव्हण्यांच्या काळातल्या दमाबद्दल. ते इंजेक्शन होतं कारण मूळ पेनिसिलिन पोटातल्या आम्लात टिकत नाही. आम्लात टिकणारं, तोंडाने घेता येणारं अ‍ॅमॉक्सिसिलिन १९७२ मध्ये वापरात आलं. पावडर बिनदमाची नाही, अण्णा. ती पाव मापाने, मध्येच सोडून आणि सर्दीला घेतली की मग तशी वाटते.

आशाताई_पेठ_तालुका

मी पेठ तालुक्यात आशा सेविका आहे. लहान बाळांचं थोडं सांगते. पाड्यावर बाळाला खोकला-ताप असला की आधी औषध नाही, आधी श्वास मोजायचा. बाळ शांत असताना, पोट उघडं करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्ष: मिनिटाला ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त. म्हणजे न्यूमोनियाचा संशय. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, गुंगीत असेल तर १०८ बोलवायची. तिथेही हेच अ‍ॅमॉक्सिसिलिन वापरतात, पाण्यात विरघळणारी २५० ची गोळी असते, चमचाभर पाण्यात टाकली की विरते. थंडीत हे काम जास्त असतं. नुसतं नाक वाहणाऱ्या बाळाला कोणी ती मागितली तर मी देत नाही, मग बाया माझ्यावर रुसतात.

डाळिंब_सटाणा

विषय माणसांचा आहे पण सांगतो. आम्ही डाळिंबाच्या तेल्या रोगावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन मारलं. तेही अँटिबायोटिकच, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. सुरुवातीला डाग जागेवर थांबायचे, मग प्रमाण वाढवत गेलो, मग दोन फवाऱ्यांतलं अंतर कमी. तरी तेल्या गेला नाही, खिसा गेला. शेतीतल्या वापरावर केंद्राने बंदीची अधिसूचनाही काढली. तेव्हा ताईंचं मापाबद्दलचं बोलणं पटलं. एक प्रश्न: गाईच्या कासदाहाला जनावरांचे डॉक्टर अ‍ॅमॉक्सिसिलिनची ट्यूब सोडतात, त्या दिवसांतलं दूध घरी चालतं का?

पंचवटी_मेडिकलवाली

नाही चालत, दादा. घरी नाही, डेअरीतही नाही. ट्यूबवर किती दिवस दूध टाकून द्यायचं ते छापलेलं असतं, औषधाप्रमाणे बदलतं, ते तुमच्या पशुवैद्यकांकडून नक्की करून घ्या. उकळून औषध जाईल यावर विसंबू नका. घरात कुणाला खरी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर त्या दुधाने त्रास होऊ शकतो.

मृण्मयी_सिडको

अपडेट देते. डॉक्टरबाईंचा रात्रीच फोन आला. बदललेल्या बाटलीपासून दिवस पहिला धरून पूर्ण १० दिवस द्यायला सांगितलं, ८ मिली दोनदा, २५० चंच. दुकानदाराने सीलबंद बाटल्या बदलून दिल्या, कुरकुरला थोडा, पण लेबल आणि चिठ्ठी शेजारी धरल्यावर गप्प बसला. आता ताप नाही आणि काल स्वतःहून वरण-भात मागितला. सासूबाईंना विचारलं. त्यांना इंजेक्शननंतर चक्कर आली होती आणि दोन दिवस जुलाब. पुरळ, सूज काही नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारणार आहोत.

शेवटचा प्रश्न. रविवारी वणीला सप्तशृंगीला जायचं ठरलंय, कोर्स चालूच असेल. सकाळी लवकर निघून रात्री परत. बाटलीचं काय करू?

पंचवटी_मेडिकलवाली

सकाळचा डोस घरी देऊन निघा, बाटली फ्रीजमध्येच राहू द्या, रात्री परत येऊन दुसरा. बारा तासांचं गणित त्यात बसतं. उशीर होण्याची शक्यता वाटत असेल तर सोबत घ्या. साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन थंडीच्या दिवसात काही तास पिशवीत राहिलं तरी बिघडत नाही, फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. क्लॅव्हुलॅनिकवालं सिरप असतं तर बर्फाच्या पिशवीसोबतच न्या म्हणाले असते. सिरिंज विसरू नका, नाहीतर गडावर चहाच्या टपरीवरचा चमचा मागाल. पायऱ्यांपेक्षा ट्रॉलीने चढा, पोर नुकतंच तापातून उठलंय.